गुरुवारचं बटण

१

स्थैर्यासाठी मानवजातीनं फार मोठे त्याग केलेले आहेत. राज्यं गेली, घराणी बुडाली, पण माणसानं स्थैर्याची आस सोडली नाही. पिंपळगाव बसवंतला हा त्याग कोल्ड स्टोरेजच्या चेंबर नंबर तीनमधल्या द्राक्षांनी केला.

धोंडीरामनं सकाळी चेंबरचं दार उघडलं तेव्हा परदेशी निघालेला माल पेट्यांमधे अगदी शांत होता. एवढी शांतता त्याला बरी वाटली नाही. त्यानं एक मणी उचलून भिंतीवर मारला. मणी टणकन वाजून परत आला. दुपारपर्यंत तेच मणी वितळले आणि त्यांचा तपकिरी लगदा झाला. युरोपात त्याला गिऱ्हाईक नव्हतं आणि पिंपळगावात गायींनीही नाक मुरडलं.

विमा कंपनीनं पल्लवी पगारे यांना पाठवलं. पल्लवीबाई पन्नाशीच्या सर्व्हेअर. जळालेली गोदामं, उलटलेले टेम्पो, भिजलेला कांदा यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे कुणी रडत असलं की आधी आवाज खरा आहे का ते त्या ऐकत. धोंडीराम रडत नव्हता. तो त्या कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर होता आणि त्याच्या मते जे झालं ते मशिननं केलं.

घडलं ते सरळ होतं. वीज गेली, परत आली. थंडी सांभाळणारा कंट्रोलर पुन्हा सुरू झाला, पण थांबायचं कुठे हे विसरला आणि शून्याखाली उतरतच राहिला.

कंट्रोलर भिंतीवर होता. त्याच्या डब्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. वर हळदीकुंकवाची बोटं होती. शेजारी सप्तशृंगीचा फोटो आणि फोटोमागे खोचलेली विजेची बिलं, पाकिटं, एक कंगवा. या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती का, असं पल्लवीबाईंनी विचारलं.

"आली ना. कुरिअरनं आली, शनिवारीच," धोंडीराम म्हणाला.

उत्तर स्वच्छ होतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग धोंडीरामनं मोबाइल पुढे केला. आवृत्ती निघाली त्या शुक्रवारी संध्याकाळी कंपनीकडून सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज आला होता: "वीज गेल्यानंतर तापमान घसरत राहण्याचा दोष या आवृत्तीत दुरुस्त केला आहे. हर्षाली निकम, स्थिर आवृत्ती विभाग."

म्हणजे दोष माहीत होता. तो दुरुस्तही झाला होता. आणि त्यानंतर चारच रात्रींनी द्राक्षं गोठली होती.

२

'शीतसारथी' ही कंपनी गंगापूर रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. पल्लवीबाई पोचल्या तेव्हा राहुकाळ चालू होता. तो संपेपर्यंत मालक कुणाशी महत्त्वाचं बोलत नाहीत असं त्यांना नम्रपणे सांगण्यात आलं. त्या पाऊण तास खुर्चीवर बसून खालून येणारा ड्रिलचा आवाज ऐकत राहिल्या.

राहुकाळ संपला आणि जयराम बोरस्ते प्रसन्न मुद्रेनं बाहेर आले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या. नवी आवृत्ती रोज बदलते आणि नव्या गिऱ्हाइकांना मिळते. स्थिर आवृत्ती जुन्या गिऱ्हाइकांची, ती शक्यतो बदलायची नाही, बदललीच तर पेन ड्राइव्हवर घालून कुरिअरनं पाठवायची. दोष सापडला की आधी नव्या आवृत्तीत दुरुस्त करायचा. मग दर शुक्रवारी सकाळी बैठक बसते आणि कोणती दुरुस्ती मागे स्थिर आवृत्तीत न्यायची ते ठरवते. सगळ्या नेल्या तर स्थिर आवृत्ती स्थिर राहत नाही. एकही नेली नाही तर द्राक्षं राहत नाहीत.

विजेच्या दोषाची दुरुस्ती मागे न्यायचं बैठकीत ठरलं होतं. आवृत्ती बाहेर पडली. द्राक्षं गोठल्यावर ऑफिसातली प्रत उघडून पाहिली, तर ती दुरुस्ती तिच्यात नव्हतीच.

"कुणीतरी काढली?" पल्लवीबाईंनी विचारलं.

जयरामनी टेबलावरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. हर्षाली निकम हिला कामातील अक्षम्य हलगर्जीपणाबद्दल सेवेतून कमी करण्यात येत आहे. खाली सहीची जागा रिकामी होती. सही सहा वाजता करणार, त्याआधी वेळ चांगली नाही, असं त्यांनी सांगितलं. या पत्राची प्रत रिपोर्टला जोडली की कारणाचा रकानाही भरला जाईल, बाईंचाही त्रास वाचेल.

पल्लवीबाईंना त्रास वाचवणाऱ्या माणसांचा अनुभव होता. त्यांनी सहापर्यंतचा वेळ मागून घेतला.

हर्षाली सत्तावीस-अठ्ठावीसची. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राखेच्या विभागात, घर तिथल्याच वसाहतीत. पत्राची बातमी तिला कळली होती, आणि त्या पत्राचा अर्थही. नाशिकमधे सॉफ्टवेअरच्या कंपन्या मोजक्या आणि सगळे मालक पहाटे एकाच जॉगिंग ट्रॅकवर चालतात. सहा वाजता सही झाली की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ही मुलगी शहरात कामाला ठेवण्यालायक राहणार नव्हती.

तिनं सांगितलं ते थोडकं होतं. ती दुरुस्ती मागे न्यायला बैठकीतल्या संतोष आणि प्रफुल्ल या दोघा सहकाऱ्यांचा विरोध होता. त्या शुक्रवारी सकाळी ती बैठकीत भांडली आणि मंजुरी मिळवली. जेवणानंतर, तिनाच्या सुमाराला, आवृत्ती बांधणाऱ्या मशीनचं बटण दाबलं. त्या दिवसापर्यंत जेवढ्या दुरुस्त्या मंजूर झालेल्या असतात तेवढ्या ते मशीन तारीख बघून आपणच गोळा करतं. हातानं काही घालावं लागत नाही, काढताही येत नाही.

"बाहेर पाठवण्याआधी तपासलं नाहीस?"

हर्षाली खाली बघत राहिली. "कुरिअरवाला दारात उभा होता, मॅडम."

मशीनचा पासवर्ड दोघांकडेच होता. एक ती. दुसरे जयराम सर, कारण मशीन सरांनी घेतलेलं.

३

संतोष ढिकले विक्री बघायचा. बोलताना तो समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. पल्लवीबाईंनी खुर्ची मागे घेतल्यावर त्यानं तो स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. विरोध केल्याचं त्यानं लपवलं नाही.

"मॅडम, जुन्या आवृत्तीतच सगळं मिळालं तर नवी कोण घेणार? फाटकी चप्पल आपणच शिवून दिली तर दुकान कशाला उघडलंय?"

बैठकीत हरल्याचं त्याला वाईट वाटलं होतं का? वाटलं होतं. तो आठवडाच वाईट होता. आदल्याच दिवशी, गुरुवारी, त्याच्या लग्नाचा वाढदिवस. त्यानं सकाळी आइस्क्रीमचा केक आणून ऑफिसच्या फ्रिजमधे ठेवला. कुंभमेळा अजून लांब होता पण रस्ते खणायला मुहूर्त लागला होता, त्यामुळे दुपारी बाराला जेसीबीनं खालची विजेची केबल तोडली ती रात्रीच जोडली गेली. बायको संध्याकाळी आली तेव्हा खोक्यात गुलाबी पाणी होतं.

"थंडीचं सॉफ्टवेअर विकतो आणि केक वितळलाय. ती अजून सगळ्या पाहुण्यांना सांगते."

इन्व्हर्टर नव्हता का, असं पल्लवीबाईंनी सहानुभूतीनं विचारलं. होता की. पण त्याच्यावर फक्त दिवे, पंखे आणि देवघराची माळ. बाकी सगळं बंद.

प्रफुल्ल गांगुर्डे हा नव्या आवृत्तीचा कर्ता. दुरुस्ती मुळात त्यानंच केलेली, आणि ती मागे जाऊ नये असं म्हणणाराही तोच. स्थिर आवृत्ती म्हणजे त्याच्या मते व्हेंटिलेटरवरची आत्या. नातेवाईक दर शुक्रवारी जमतात, एक इंजेक्शन देतात आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा जमतात. कुणीतरी प्लग काढायला हवा.

"काढलात का तुम्ही?"

"मला तिथं हातच लावू देत नाहीत. गेल्या वर्षी थोडी सुधारणा केली होती मी स्थिरमधे, न विचारता. तेव्हापासून पासवर्ड काढून घेतलाय," प्रफुल्ल म्हणाला. त्याच्या आवाजात काढून घेतलेल्या गादीचं दुःख होतं.

मग तो पुढे वाकला. पल्लवीबाईंना सांगण्यासारखी एक गोष्ट त्याच्याकडे होती. आज सकाळीच त्याला ती सापडली होती आणि त्यानं सरांनाही दाखवली होती. प्रत्येक आवृत्तीवर ती केव्हा बांधली त्याचा शिक्का मशीन आपणच उमटवतं. त्यानं तो पडद्यावर आणला.

शिक्क्यावर शुक्रवार नव्हता. गुरुवार होता, दुपारी तीन.

"दुरुस्ती मंजूर झाली शुक्रवारी. हिनं बटण दाबलंय गुरुवारी, मंजुरीच्या आधीच. म्हणून दुरुस्ती आत नाही. मग शुक्रवारी हिनं तीच शिळी आवृत्ती पाठवली आणि वर मेसेज टाकला की दोष गेला." तो खुर्चीत मागे टेकला. "गुरुवारी दुपारी आम्ही सगळे मिसळ खायला गेलो होतो. हर्षाली आली नाही. डबा आणलाय म्हणाली."

४

पाच वाजत आले होते. पल्लवीबाईंनी हर्षालीला मशीनसमोर बसवलं आणि शिक्का दाखवला.

ती ओरडेल, प्रफुल्लला चार शब्द सुनावेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं होतं. यांतलं काही झालं नाही. तिनं तो शिक्का दोनदा वाचला. मग तिचा चेहरा हळूहळू परीक्षेत उत्तर आठवेनासं झालेल्या मुलीसारखा झाला.

"मला तर शुक्रवारच आठवतोय," ती म्हणाली. "पण मशीन कशाला खोटं बोलेल, मॅडम? मीच विसरले असेन."

"गुरुवारी दुपारी काय केलंस?"

"डबा खाल्ला. मग... नाही आठवत. वीज तर रोजच जाते हल्ली, कुठला दिवस कुठला ते कळत नाही."

पल्लवीबाईंनी या धंद्यात कबुलीजबाब पुष्कळ ऐकले होते. न केलेल्या चुकीवर माणसाचा असा विश्वास बसताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. केबिनच्या काचेतून जयराम दिसत होते. प्रफुल्लनं सकाळी शिक्का दाखवला तेव्हा सर काय म्हणाले, असं त्यांनी त्याला जाता जाता विचारून घेतलं होतं. सर खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग पत्र टाइप करायला सांगितलं.

पल्लवीबाईंनी हर्षालीला शेवटचं एक विचारलं. मशीन तारीख बघून दुरुस्त्या गोळा करतं, हे ऑफिसात कुणाकुणाला माहीत आहे?

तिला माहीत होतं. प्रफुल्लला होतं, तो नियम त्यानंच लिहिलेला. संतोषला बटण कुठं आहे तेही माहीत नव्हतं.

"आणि सरांना?"

हर्षालीनं विचार केला. "सर कशाला विचारतील?"

बाहेरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. पल्लवीबाईंच्या घरी पौर्णिमा पाळायची रीत, त्यामुळे इतर तिथ्यांकडे त्यांचं कधी लक्ष जायचं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि महिन्याचं पान मागे उलटून तो शुक्रवार शोधला.

शुक्रवारच्या चौकोनात एक काळा गोळा होता.

५

सहाला दहा मिनिटं होती. केबिनमधे चौघांनाही बसवलं होतं. जयरामनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

पल्लवीबाईंनी केकपासून सुरुवात केली, त्यामुळे काही वेळ कुणालाच काही कळलं नाही. गुरुवारी दुपारी संतोषचा केक वितळला. म्हणजे वीज नव्हती. म्हणूनच सगळे मिसळ खायला गेले. एरवी हे ऑफिस भर दुपारी ओस पडत नाही. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि देवघराची माळ. तेव्हा गुरुवारी तीन वाजता गंगापूर रोडच्या या मजल्यावर देव चालू होता, मशीन बंद होतं. बंद मशीनचं बटण हर्षालीनं दाबलं असतं तरी आवृत्ती बांधली गेली नसती.

मिसळ प्रफुल्लनं खाल्ली होती, शिक्काही त्यानंच वाचला होता. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायला त्याला सुचलं नव्हतं.

"म्हणजे मुलगी खरं सांगते आहे आणि शिक्का खोटा आहे," पल्लवीबाई पुढे म्हणाल्या. "वेळ जुळते, वार जुळत नाही. आपोआप बिघडलेलं घड्याळ असं नेमकं एक दिवस मागे जात नाही. तारीख कुणीतरी हातानं मागे नेली आणि नंतर पुन्हा जागेवर आणली. मशीनला तो गुरुवार वाटला, त्यानं गुरुवारपर्यंतच्या दुरुस्त्या घेतल्या. शुक्रवारी सकाळी मंजूर झालेली एकटी बाहेर राहिली. ती कुणी काढली नाही. तिचा दिवसच काढून टाकला."

कुणी? संतोषकडे पासवर्ड नव्हता. प्रफुल्लकडेही नव्हता. हर्षालीकडे होता, पण तारीख मागे नेली की काय होतं हे ती जाणत होती, आणि त्याच दुरुस्तीसाठी ती सकाळी भांडली होती. म्हणजे ज्याच्याकडे किल्ली आहे पण आत काय चालतं ते ज्याला माहीत नाही, असा माणूस शोधायचा. असा माणूस प्रत्येक कंपनीत एकच असतो.

कुणी जयरामांकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"तो शुक्रवार अमावास्येचा होता," पल्लवीबाई म्हणाल्या.

मग जयराम बोलले, पेनाच्या टोपणाकडे बघत. कंपनी सुरू झाल्यापासून अमावास्येच्या तारखेनं त्यांनी काही बाहेर जाऊ दिलं नव्हतं. संतोषनं गिऱ्हाइकांना त्याच दिवसाचा शब्द दिलेला. मुलं जेवायला बसली तेव्हा त्यांनी तारीख एक दिवस मागे घेतली, आणि शनिवारी सकाळी पूजा करून पुढे घेतली. कुणाला सांगितलं नाही, कारण प्रफुल्ल हसला असता.

"दुरुस्ती मी काढली नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, तारखेनं काय फरक पडतो."

"मग बदललीत कशाला?"

जयरामनी टोपण पुन्हा पेनावर चढवलं.

"आज सकाळी यानं शिक्का दाखवला. तो गुरुवार खोटा आहे हे या खोलीत एकट्या तुम्हाला माहीत होतं. तरी पत्र टाइप करायला सांगितलंत."

हर्षाली एवढा वेळ मान खाली घालून बसली होती. आता तिनं वर बघितलं, सरांकडे नाही, टेबलावरच्या पत्राकडे. तिनं हात पुढे केला, कागद उचलला, मधोमध फाडला आणि दोन्ही तुकडे पुन्हा टेबलावर ठेवले. तिला कुणी अडवलं नाही.

"शुक्रवारच होता," ती म्हणाली.

संतोष आणि प्रफुल्ल एकामागून एक बाहेर गेले. रिपोर्टमधे काय लिहिणार, असं जयरामनी हलक्या आवाजात विचारलं. पल्लवीबाई म्हणाल्या की छापील रकान्यात अमावास्या लिहायची सोय नाही, मानवी चूक लिहावं लागेल.

"मानव कोण, ते विचारतील."

"विचारतील," पल्लवीबाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

६

सोमवारी हर्षालीनं नवी स्थिर आवृत्ती बांधली, मशीनच्या खऱ्या तारखेनं. या वेळी तिनं ती तीनदा तपासली. कुरिअरवाल्याला परत पाठवून ती स्वतःच पिंपळगावला न्यायचं तिनं ठरवलं. पिंपळगावच्या चेंबर एक आणि दोनमधे अजून माल होता आणि तिथं वीज केव्हाही जाऊ शकत होती. जयरामनी फक्त निघायची वेळ विचारली आणि ऐकून घेतली.

पल्लवीबाईंनाही धोंडीरामची एक सही हवी होती, म्हणून दोघी एकाच गाडीनं गेल्या. वाटेत हर्षालीनं एकदाच तोंड उघडलं. सर आता बोलताना नजर देत नाहीत, आणि दुसरीकडून बोलावणं आलंय, असं ती म्हणाली. जायचं की राहायचं ते तिचं ठरत नव्हतं, पण ठरवायचं तिच्या हातात होतं. पल्लवीबाईंनी खिडकी खाली केली. आयुष्यात प्रथमच त्यांनी सॉफ्टवेअरचं कोडं सोडवलं होतं, आणि हायवेचा वारा त्यांना नेहमीपेक्षा थोडा बरा वाटत होता.

धोंडीरामनं चहा सांगितला. हर्षालीनं लॅपटॉप जोडला, कंट्रोलरवर आत्ता कोणती आवृत्ती आहे ते बघितलं आणि तशीच थांबली. तिनं तार काढून पुन्हा जोडली. मग वळून धोंडीरामला विचारलं, मागच्या वेळी कुरिअरनं जी आवृत्ती आली ती इथं घातली कधी?

"घातली कुठं, ताई," धोंडीराम म्हणाला. "सीझनमधी चालत्या मशिनला कोन हात लावतंय. मे मधी बघू म्हनलं. मागच्या सालची बी हाय तशीच."

त्यानं सप्तशृंगीच्या फोटोमागे हात घातला, कंगवा बाजूला केला आणि पेन ड्राइव्हची दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

दोन्हींची चिकटपट्टी शाबूत होती.